नशा करणाऱ्याचं वय कुणी विचारतच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात ड्रग्जबद्दल काहीही आलं, छाप्याची बातमी असो नाहीतर पुरवणीतला मोठा लेख, सोबत चित्र ठरलेलं असतं. हुडी घातलेला, मान खाली घालून भिंतीला टेकून बसलेला एक तरुण मुलगा, आणि वर हेडिंग, तरुणाई नशेच्या विळख्यात. मी बावीस वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक होते, आता निवृत्त आहे. तो चित्रातला मुलगा माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचा हे अगदी खरंय, पण त्याच खुर्चीत अकरा वर्षांचं पोर बसलंय, बेचाळीस वर्षांचा दोन मुलांचा बाप बसलाय, आणि एकोणसत्तर वर्षांच्या एक आजी बसल्यात ज्यांना शेवटपर्यंत पटलं नाही की आपण जे करतो त्याला नशा म्हणतात. या सगळ्यांची नशा वेगळी, ती लागायचं कारण वेगळं, त्यातून मरायची पद्धतसुद्धा वेगळी, आणि आपण मात्र सगळ्यांना एकच भाषण देतो, तेही फक्त कॉलेजात जाऊन देतो. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

मला सवय होती, केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहायची. पहिला, पहिल्यांदा घेतलं तेव्हाचं वय. दुसरा, आत्ताचं वय. 13/42. 19/63. 55/69. निदान, पदार्थ, किती दिवसाला किती, हे सगळं नंतर, आधी हे दोन आकडे, कारण अर्धी गोष्ट तिथेच कळायची.

सगळ्यात लहानांपासून सांगते कारण त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. दहा, अकरा, बारा वर्षांची मुलं ब्राऊन शुगर घेत नाहीत, त्यांच्याकडे तेवढे पैसेही नसतात आणि विकणाऱ्यापर्यंत पोचही नसते. ती हुंगतात. व्हाईटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन, नेलपेंट काढायचं रिमूव्हर, पेट्रोल. रुमालावर किंवा शर्टाच्या बाहीवर ओतायचं आणि नाकातोंडाशी धरायचं. तो अकरा वर्षांचा मुलगा असाच सापडला, त्याच्या बाईंनी बाहीचा वास ओळखला म्हणून, नाहीतर घरच्यांना काही पत्ता नव्हता. आईवडील माझ्यासमोर बसून विचारत होते, पण मॅडम हे ड्रग्ज थोडीच आहे, दुकानात मिळतं ना. आणि त्यांचं चूक नव्हतं, कायद्याच्या भाषेत हा अमली पदार्थ धरला जात नाही, त्यामुळे हे पोर जप्तीच्या आणि अटकेच्या आकड्यांत कुठे येतच नाही, पण त्याचा मेंदू कायदा वाचून नशा करत नाही ना. हुंगल्यावर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं, आणि सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे यात पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो, हृदयाचे ठोके एकदम बिघडतात आणि मूल जागच्या जागी कोसळतं. याला डॉक्टर लोक सडन स्निफिंग डेथ म्हणतात. त्यासाठी वर्षानुवर्षांचं व्यसन असावं लागत नाही.

आता बघा, जवळजवळ सगळे पदार्थ वय वाढेल तसे वाढत जातात आणि मग उतरतात, पण हुंगायचे पदार्थ उलटे चालतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ 1975 पासून दरवर्षी शाळकरी मुलांचा सर्व्हे करतं, त्यात वर्षानुवर्षं हेच दिसत आलंय की हुंगणं हे बारावीपेक्षा आठवीच्या मुलांत जास्त आहे, बाकी गांजा वगैरे मात्र वरच्या वर्गात जास्त. आपल्याकडे एम्सने 2018 मध्ये जो देशभराचा मोठा सर्व्हे केला, ज्याचा रिपोर्ट 2019 ला आला, त्यातही हा एकच प्रकार असा निघाला जिथे मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त, मुलांमध्ये 1.17 टक्के आणि मोठ्यांमध्ये 0.58 टक्के. म्हणजे दुप्पट. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते बाहीवाले पोर आठवलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. रस्त्यावर राहणारी मुलं तर भूक लागू नये, थंडी वाजू नये म्हणून हुंगतात, त्यांना मजा वगैरे काही नसते त्यात. त्या मुलाला 'जस्ट से नो' असं सांगून काय होणार, त्याला आधी जेवण आणि झोपायला सुरक्षित जागा पाहिजे.

नंतर येतं तेरा ते सतरा. सगळ्यात जास्त जण सुरुवात याच वयात करतात. संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जवाल्या ऑफिसचा 2018 चा जो वर्ल्ड ड्रग रिपोर्ट आहे त्याचा एक अख्खा भाग वय आणि ड्रग्ज यावरच होता, त्यात 12 ते 17 हा सुरुवातीचा सगळ्यात धोक्याचा काळ आणि 18 ते 25 हे वापराचं शिखर असं स्पष्ट म्हटलंय. का, तर मेंदूची वाढ सगळीकडे एकदम होत नाही. मजा, बक्षीस, थरार हे ज्या भागाला कळतं तो आधी तयार होतो, आणि थांब, विचार कर, उद्या काय होईल, हे सांगणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण पिकतो. म्हणजे गाडीला इंजिन आलं आणि ब्रेक बसवायचे बाकी आहेत अशी मधली दहाएक वर्षं असतात. पालक मला विचारायचे, एवढा हुशार मुलगा, नव्वद टक्के पडतात, त्याला एवढं कळू नये का? त्याला कळतं हो. कळणं आणि त्या क्षणी मित्रांच्या समोर हात मागे घेणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम ज्या भागाने करायचं तो भाग अजून तयार व्हायचाय.

या वयातल्या गांजाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण घरोघरी हाच वाद असतो, मुलगा म्हणतो गांजाने काही होत नाही आणि बाप म्हणतो एक झुरका मारला की आयुष्य संपलं. दोन्ही खरं नाही. गांजा कधीतरी ओढलेल्यांपैकी साधारण 9 टक्के लोक त्याच्या आहारी जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, पण सुरुवात टीनएजमध्ये झाली असेल तर तोच आकडा 17 टक्क्यांच्या घरात जातो. पदार्थ तोच, माणूस बदलत नाही, फक्त सुरुवातीचं वय बदललं आणि धोका जवळपास डबल. शिवाय स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, बहुतेकांत याच काळात म्हणजे विशीच्या आगेमागे डोकं वर काढतो. स्वीडनमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या 45 हजारांवर तरुणांचा पाठपुरावा करून 1987 साली एक अभ्यास आला, त्यात ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. आता गांजामुळेच झालं की आधीच आजाराकडे झुकलेली मुलं गांजाकडे वळली यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, ते मी मान्य करते, पण घरात कुणाला असा आजार असेल तर त्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलासाठी गांजा आणि चाळीस वर्षांच्या माणसासाठी गांजा ही एकच गोष्ट नाहीये, हे त्या मुलाला शांतपणे सांगता येतं आणि तो ऐकतो. मी सांगितलंय, ऐकलंय मुलांनी. घाबरवलं की ऐकत नाहीत, माहिती दिली की ऐकतात, सगळे नाही पण बरेच.

घाबरवण्याचा विषय निघाला म्हणून, अमेरिकेत 1983 ला लॉस एंजेलिसमधून डेअर नावाचा प्रोग्राम सुरू झाला, युनिफॉर्ममधले पोलीस शाळेत येऊन ड्रग्जचे धोके सांगायचे, तो देशभर पसरला, पालक खूश, शाळा खूश. आणि नंतर एकामागून एक अभ्यासांत निघालं की मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा जवळजवळ काही परिणाम नाही. याउलट आइसलँड. 1998 मध्ये तिथली 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन टाइट झालेली असायची, 2016 मध्ये ते 5 टक्क्यांवर आलं, आणि गांजा कधी ना कधी घेतलेल्यांचं प्रमाण 17 वरून 7 वर आलं. त्यांनी भाषणांवर भर दिला नाही, मुलांचा दिवस बदलला. संध्याकाळी खेळ, संगीत, त्याच्या फीसाठी पालकांना पैसे, रात्री ठरावीक वेळेनंतर या वयाच्या मुलांनी मोठ्यांशिवाय बाहेर फिरायचं नाही, आणि पालकांनी आठवड्याच्या शेवटी एकदा भरपूर वेळ देण्यापेक्षा रोज थोडा थोडा द्यायचा. हा उपाय फार चांगला आहे, पण तो पंधराव्या वर्षाचा उपाय आहे. बेचाळीस वर्षांच्या माणसाला फुटबॉलच्या क्लासला घालून त्याची पावडर सुटणार नाही, आणि माझं म्हणणं सगळं हेच आहे.

आता 18 ते 25. इथे तुमचं ते हुडीवालं चित्र बरोबर आहे, हे मान्यच करायला हवं. घर सुटलेलं, हातात थोडे पैसे, रात्री वाट बघणारं कुणी नाही, आणि लग्न, मूल, हप्ते यातलं काही अंगावर पडलेलं नाही. अमेरिकेच्या 2021 च्या राष्ट्रीय सर्व्हेत वर्षभरात एकदा तरी बेकायदेशीर ड्रग घेतलेल्यांचं प्रमाण 12 ते 17 मध्ये साधारण 14 टक्के, 18 ते 25 मध्ये 38 टक्के, आणि 26 च्या पुढे साधारण पाचात एक असं होतं. (गांजाही यात धरलेला आहे, तोच सगळ्यात जास्त.) शिखर स्पष्ट दिसतं. पण आता टक्के बाजूला ठेवा आणि डोकी मोजा. एकूण 6 कोटी 12 लाख लोक, त्यातले 18 ते 25 चे सव्वा कोटींच्या आसपास, 12 ते 17 चे 37 लाख, आणि उरलेले जवळजवळ साडेचार कोटी 26 च्या पुढचे! म्हणजे घेणाऱ्या चौघांपैकी साधारण तिघे त्या तरुणाईत बसतच नाहीत. 26 च्या पुढचा गट म्हणजे पन्नासेक वर्षांच्या अंतरातली सगळी माणसं एका खणात, त्यामुळे टक्का कमी दिसतो आणि माणसं मात्र जास्त असतात. हे साधं गणित आहे पण ते कुणी करत नाही, सगळ्यांचं लक्ष शिखराकडे.

बहुतेक जण पुढे आपोआप सोडतात हेही सांगायला पाहिजे, कारण पोराच्या खिशात एक पुडी सापडली म्हणून कोसळलेल्या आया मी पाहिल्यात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही. चार्ल्स विनिक नावाच्या अभ्यासकाने 1962 मध्येच सरकारी नोंदी बघून मांडलं होतं की अफूच्या वर्गातल्या (हेरॉईन, ब्राऊन शुगर वगैरे) ड्रग्जच्या आहारी गेलेले बरेच जण तिशीच्या मध्यापर्यंत नोंदींतून गायबच होतात, जणू नशा वयाबरोबर गळून पडते. त्याहून मोठं उदाहरण व्हिएतनामचं. 1971 साली तिथून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या बाईंनी अभ्यास केला, जवळपास निम्म्यांनी तिथे अफू-हेरॉईन काहीतरी चाखलं होतं आणि पाचातला एक सांगत होता की मी तिथे पूर्ण अडकलो होतो. सगळ्यांना वाटलं आता देशात व्यसनींची लाट येणार. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या अडकलेल्यांतले फक्त 5 टक्के परत व्यसनात गेले, तीन वर्षांत धरले तरी 12 टक्के. वय विशीचं, जागा बदलली, भीती संपली, घर, नोकरी, बायको मिळाली, आणि सुटलं.

पण थांबा, यावरून कुणी असं समजू नका की वाट बघितली की सुटतं. कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकात सक्तीच्या उपचाराला पाठवलेल्या 581 हेरॉईन घेणाऱ्या पुरुषांचा तब्बल 33 वर्षं पाठपुरावा झाला. 1990 च्या दशकाच्या शेवटी परत शोधायला गेले तेव्हा 284 जण मेलेले होते. जवळजवळ निम्मे. आणि जे जिवंत होते त्यांतले कितीतरी पन्नाशी उलटून गेल्यावरही घेतच होते. म्हणजे वय काहींना सोडवतं आणि काहींना फक्त म्हातारं करतं, आणि कोण कुठल्या रांगेत जाणार हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या आकड्यावर, म्हणजे किती लवकर सुरुवात झाली यावर असतं, आणि परत जायला घर, काम, माणसं शिल्लक आहेत का यावर असतं. तिशी ओलांडूनही ज्याचं सुटलं नाही त्याच्या अंगात ते मुरलेलं असतं, त्याला मग 'वाईट संगत' हे कारण लागू होत नाही, त्याची ती संगत कधीच पांगलेली असते, तो एकटाच घेत असतो.

त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाचा पेपर होता 13/42. चांगली नोकरी, कामावर कधी दांडी नाही, बायकोला अकरा वर्षं कळलं नव्हतं. तो मजेसाठी घेत नव्हता, मजा कधीच संपली होती, घेतलं नाही तर टर्की लागायची, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, अंग मोडून यायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, रात्रभर पाय झाडणं, आणि सकाळी कामावर जायचंच आहे, तर कामावर जाता यावं म्हणून तो घ्यायचा. मध्यमवयातली नशा ही अशी असते, दिवस ढकलण्यासाठीची. कुणाची पाठदुखी किंवा ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या गोळीपासून सुरू झालेली, कुणाची रात्रपाळीत जागं राहण्यासाठी. आणि सगळ्यात जास्त माणसं याच वयात मरतात, याकडे तर कुणाचंच लक्ष नाही. अमेरिकेत 2021 मध्ये ओव्हरडोसने एक लाखाच्या वर माणसं गेली, आणि मृत्यूचा दर सगळ्यात जास्त होता 35 ते 44 या वयात. शिखर विशीत आणि सरणं चाळिशीत. कारण शरीर थकलेलं, फुफ्फुसं-लिव्हर खराब, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या, आणि एकट्याने घेत असल्यामुळे श्वास मंदावला तर हाक मारायला शेजारी कुणी नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगते, ही घराघरात पोचायला हवी. काही महिने सोडलेला माणूस परत एकदा घेतो तेव्हा तो जुन्या हिशोबाने घेतो, पण शरीराची सहनशक्ती, ज्याला टॉलरन्स म्हणतात, ती दरम्यान उतरलेली असते. जुना डोस आता जीवघेणा असतो. तुरुंगातून किंवा सेंटरमधून बाहेर आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. तो बेचाळीसवाला असाच गेला. चार महिने क्लीन होता. घरच्यांनी मला फोन केला तेव्हा त्याची बायको एकच वाक्य परत परत म्हणत होती, पण आता तर तो बरा झाला होता ना.

मग स्कॉटलंडचं बघा, तिथे 2020 मध्ये ड्रग्जने 1,339 मृत्यू झाले, तोपर्यंतचा तो सगळ्यात मोठा आकडा, आणि मरणाऱ्यांचं सरासरी वय वीस वर्षांत 32 वरून 43 वर गेलं होतं. याचा अर्थ चाळिशीतली नवीन माणसं नशेला लागली असा नाही. 1980 आणि 90 च्या दशकात जी पोरं हेरॉईनला लागली तीच म्हातारी होत होत मरतायत. एक पिढी आपलं व्यसन सोबत घेऊन पुढे सरकते, म्हणून वयाचा आकडा वाचताना दोन प्रश्न विचारायचे असतात, हे त्या वयाचं आहे की त्या पिढीचं आहे. पिढीचं असेल तर आज ज्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडे आपण दुर्लक्ष करतोय त्यांचा हिशोब 25-30 वर्षांनी येणार, तेव्हा त्यांच्या समोरच्या खुर्चीत मी नसेन.

आणि शेवटी म्हातारी माणसं, ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्या वर्ल्ड ड्रग रिपोर्टमध्येच आहे, 2000 ते 2015 मध्ये ड्रग्जमुळे थेट होणारे मृत्यू जगभरात 60 टक्क्यांनी वाढले, आणि त्यात पन्नाशीच्या पुढच्यांचा वाटा 27 टक्क्यांवरून 39 टक्क्यांवर गेला. दहातले चार! आणि आपण पन्नाशीच्या पुढच्या माणसाला या विषयात धरतच नाही.

यांत दोन प्रकार असतात. एक म्हणजे जुने घेणारे. 19/63 वाले एक काका होते, चव्वेचाळीस वर्षं ब्राऊन शुगर, नंतर नंतर सुया. हिपॅटायटिस सी हा आजार वीस-तीस वर्षं गप्प बसून लिव्हर खातो, त्यांचं तेच झालं होतं. त्यांना ग्रुप थेरपीला बसवलं ते बावीस-तेवीसच्या पोरांमध्ये. पोरं ब्रेकअपचं बोलायची, परीक्षेचं बोलायची, हे काका खाली बघत बसायचे, त्यांच्या वयाचं दुखणं, मेलेले मित्र, तोंड न बघणारी मुलगी, हे तिथे कुठे बोलणार? तीन वेळा आले आणि यायचे बंद झाले. चूक आमची होती, त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळा ग्रुप आम्ही कधी केलाच नव्हता, आणि मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता.

दुसरा प्रकार म्हणजे उतारवयात लागलेले, त्या आजींसारखे. 55/69. यजमान गेले, झोप लागेना, डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी गोळी दिली आणि ती चौदा वर्षं चालली. पुढे चिठ्ठी संपली तरी ओळखीने मिळत राहिली, चिठ्ठीशिवाय अशी गोळी देणं-घेणं बेकायदेशीर आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि एकाच्या तीन झाल्या, मग पाच. या गोळ्या म्हातारपणी शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, लिव्हर-किडनी मंदावलेले असतात, कालची गोळी उतरायच्या आत आजची पडते. मग चालताना तोल जातो, विसरायला होतं, बोलणं जड होतं, आणि घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टरसुद्धा कधीकधी विसरभोळेपणाचा आजार समजून बसतात, गोळ्यांची चौकशी कुणी करत नाही कारण आजींना असं कसं विचारायचं. त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा उशीखाली पाकिटं सापडली. मुलगा हादरला आणि आईवरच्या मायेपोटी त्याने सगळ्या स्ट्रिप्स त्याच रात्री फेकून दिल्या. तिसऱ्या दिवशी आजींना फिट आली. या गोळ्या अशा एकदम बंद करायच्याच नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं कमी करत महिनोन् महिने लागतात, हे त्या मुलाला कुणी सांगितलं असतं तर! तो माझ्यासमोर बसून ढसाढसा रडला, म्हणाला मी तर नशा सोडवत होतो.

मधेच आठवलं म्हणून सांगते, सगळ्यात छोटा पहिला आकडा मी शून्य लिहिलाय. आई गरोदरपणात हेरॉईनवर असेल तर बाळ जन्मतःच त्या नशेवर असतं आणि नाळ कापली की पुरवठा बंद, मग एक ते तीन दिवसांत ते थरथरायला लागतं, दूध ओढत नाही, एक वेगळंच किंचाळणारं रडतं. ते रडणं ज्याने ऐकलं तो विसरत नाही. आणि तरीसुद्धा त्या आईला शिव्या घालून उपयोग नाही, भीतीने ती तपासणीलाच येणार नाही, तिला मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉईनऐवजी डॉक्टर देतात त्या औषधांवर नीट ठेवलं तर दोघंही वाचतात.

तर संपादक महोदय, माझं मागणं साधं आहे. तुमच्या बातम्यांत माल किती किलो, बाजारभाव किती कोटी, हे असतं. त्याबरोबर घेणाऱ्या माणसांची वयं छापा, आत्ताची आणि सुरुवातीची, दोन्ही. पुरवणीत एक लेख पाचवी-सहावीच्या पालकांसाठी द्या, हुंगायच्या वस्तूंबद्दल, नावांसकट. एक चाळिशीच्या माणसांच्या बायकांसाठी, ज्यात ओव्हरडोस झाला तर श्वास कसा बघायचा, कुशीवर कसं वळवायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं, नालोक्सोन नावाचं औषध अफूच्या वर्गातल्या ड्रग्जचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं, हे सगळं येऊ द्या. आणि एक ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील आहेत त्यांच्यासाठी, औषधांचा डबा महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत बसून बघा, पण काही सापडलं तर फेकू नका, आधी डॉक्टरांना विचारा, एवढं तरी.

आणि ते चित्र बदला. कधी एखाद्या आजींचा हात आणि त्यातल्या गोळ्या, कधी डबा-बॅग घेऊन कामावर निघालेला माणूस, कधी शाळेच्या शर्टाची बाही. त्या 19/63 वाल्या काकांनी एकदा आमच्याच भिंतीवरचं पोस्टर बघून विचारलं होतं, बाई, या चित्रातल्या पोराचं पुढं काय झालं, ते माझ्याएवढं झालं का? मी तेव्हा काहीच बोलले नाही, दुसऱ्या दिवशी पोस्टर काढून ठेवलं, पण लावायला दुसरं कुठे मिळालं नाही.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक आणि आपली जुनी वाचक